भाकरीला दोन देशांतून स्थळं आली

अंबडच्या कोर्टाच्या मागल्या गल्लीत माझं भाकरी केंद्र आहे. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन शेगड्या, एक परात अन् मी. वकील येतात, पक्षकार येतात, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर येतात. ज्वारीची भाकरी, पिठलं अन् ठेचा. पुढची तारीख पडली म्हणून तणतणत आलेला माणूस गरम भाकरीचा पहिला घास खाल्ला की गप बसतो. माझ्या हाताचं कौतुक मी माझ्याच तोंडानं करून राह्यले, कारण आमच्या घरात दुसरं कोणी करत न्हाई.

ह्या भाकरीला परदेशातून मागणी आली, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

पहिला फोन मस्कतहून आला. तिकडं माझा चुलत दीर बांधकामावर सुपरवायझर आहे. म्हणाला, “वहिनी, इथं आपली माणसं भाकरीला तरसून राह्यलीत. ओमानात टाका केंद्र, रांगा लागतील.” हे ऐकून आमच्या ह्यांचे कान टवकारले. पुढच्याच हप्त्यात माझ्या मावसबहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, मॉरिशसहून बोलले. ते तिकडं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहेत. “ओमानात काय ठेवलंय? वाळू! इथं या. इथं पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हायलेली मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात. भाकरी बघितली तर डोक्यावर घेऊन नाचतील.”

झालं. ह्यांच्या पायाला भिंगरी लागली. हे केंद्रावर गल्ला सांभाळतात अन् पार्सल बांधतात. त्या दिवसापासनं पार्सलला रबर लावता लावता नुसतं ओमान, मॉरिशस, ओमान, मॉरिशस. एका वकिलाला पिठल्याऐवजी ठेचाच ठेचा बांधून दिला. तो बिचारा दुपारी कोर्टात उभा राह्यला अन् त्याच्या तोंडातनं शब्द फुटंना.

जायचं का न्हाई, हे मला मात्र कोणी विचारलं न्हाई. भाकरी जाणार म्हणजे हात जाणार, अन् हात जाणार म्हणजे हाताला चिकटलेली बाई आपसूक जाणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. मला राग आल्ता. भीतीबी वाटत होती, खोटं कशाला बोलू. आष्टीहून अंबडला नांदायला आले तेव्हा महिनाभर मला बाजाराचा रस्ता सापडत नव्हता. मस्कतात मी काय करणार होते?

असला मोठा निर्णय आमच्या घरात मामांशिवाय होत न्हाई. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांनी भावकीतल्या सगळ्या पोरांची लग्नं जमवली आहेत. त्यांना स्वतःला दोन मुलगे, भावालाबी मुलगेच. त्यामुळं मामा जन्मभर मुलाच्या बाजूनं बसले. लोड, तक्क्या, पहिला चहा, पानसुपारी, सगळं आधी त्यांच्याकडं. अन् मामा सुनांशी सरळ बोलत न्हाईत. आमच्याकडं ती पद्धतच आहे. लग्न होऊन माझं पोरगं दहावीला आलं, तरी मामा भिंतीकडं बघून म्हणतात, “चहा झाला असला तर आणा म्हणावं.” भिंत काही चहा आणत न्हाई. मीच आणते.

मला बघायला आष्टीला आल्ते, तेव्हाबी मामांनी लोड सोडला न्हवता. मला चालून दाखवायला लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. दोन बशा पोहे खाल्ले. मंग उठले, धोतर झटकलं अन् माझ्या बापाला म्हणाले, “कळवतो.” बस्स, एवढंच. ती दिवाळी होती. निरोप आला तो संक्रांतीला. तोपर्यंत माझा बाप रोज संध्याकाळी किराणा दुकानातल्या फोनजवळ जाऊन बसायचा. दुकानदाराला वाईट वाटायचं म्हणून तो बापाला उगाच शेंगदाणे खायला द्यायचा. शेंगदाणे खाऊनसुद्धा माझा बाप वाळला. मी आतल्या खोलीतनं सगळं बघत होते. “कळवतो” हा शब्द तेव्हापासनं माझ्या डोक्यात बसलेला आहे.

तर ह्यांनी मामांपुढं विषय काढला. दोन देश, एक धंदा, कुठं टाकावा? मामांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोपले. मंग म्हणाले, “ह्यात अवघड काय हाय? दोन स्थळं आलीत. चौकशी करू, बघू, बैठक घेऊ. देश झाला म्हणून काय झालं?”

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, “अहो, पण आपल्या घरात लग्नाचं हाय कोण?”

“भाकरी,” मामा म्हणाले. “भाकरी आपली मुलगी. दोन्ही देश मुलाकडचे. आवंदा आपली बाजू मुलीची.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आत्यांकडं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो अन् पदर तोंडात कोंबून हसलो.

मामांची चौकशी म्हणजे साधी गोष्ट न्हाई. चतुर्थीला ते राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेल्ते. ती रांग इतकी मोठी असते की तिच्यात सगळ्या जगाची खबर मिळते. मागं-पुढं जो उभा असेल त्याला मामा विचारत गेले, की बाबा, तुमच्या वळखीत ओमानला कोणी हाय का? मॉरिशसला कोणी हाय का? सांजच्याला घरी आले, पाय धुतले अन् भिंतीला सगळी खबर सांगितली.

“ओमान निर्व्यसनी हाय. मॉरिशस पितो.”

“देश कसा पिईल?” हे म्हणाले.

“तिकडं ऊस लई हाय. उसाचीच दारू काढतात. म्हणजे घरची बागायत हाय, पण पोरगं पितं.” मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ओमान दिसायला रखरखीत हाय, पण खाऊन-पिऊन सुखी. जमिनीत तेल हाय म्हणत्यात. पाणी मात्र न्हाई. समुद्राचं पाणी गोड करून पितात.”

“आपल्या नळाला तरी रोज कुठं येतंय?” आत्या म्हणाल्या.

“तू मधी बोलू नको. मॉरिशसला चहूकडून पाणीच पाणी, पण भाऊबंद जवळ कोणीच न्हाई. एकटाच समुद्रात बसलाय. भावकी न्हाई म्हणजे बांधावरून भांडण न्हाई, ही जमेची बाजू. पण रात्री-बेरात्री पोरीला दुखलं-खुपलं तर शेजारी कोण? अन् साखर कारखान्याचा चेअरमन कोण हाय, ते काही केल्या कळलं न्हाई.”

ह्यांनी सांगितलं की दोन्ही देशांची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागं आहेत. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. “दोघंबी मागंच का?” म्हणाले. “एकतरी पुढं असता तर बरं झालं असतं.”

मंग पत्रिका. मामा आमच्या गुरुजींकडं गेले. भाकरी केंद्राची पत्रिका सोपी होती. नारळ फोडला तो दिवस अन् ती वेळ मामांना तोंडपाठ होती. पण देशांची काय सांगणार? मामा म्हणाले, मॉरिशस स्वतंत्र झाला तो त्याचा जन्म धरा. गुरुजींनी चष्मा काढला. “स्वतंत्र झाला तो दिवस मिळेल हो, पण किती वाजता झाला? अन् ती वेळ तिथली धरायची का अंबडची?” ओमानचं तर आणखी अवघड. तो कधीचा जन्मलेला आहे, ह्यावर मामांचं अन् गुरुजींचं काही एकमत होईना. गुरुजींनी हात जोडले, दक्षिणा परत दिली अन् म्हणाले, “मनं जुळली म्हणजे झालं.” गुरुजींनी दक्षिणा परत देण्याची ही पहिलीच खेप.

ह्या सगळ्यात मामा मात्र बदलत चालले होते. मुलीच्या बाजूची त्यांना सवय न्हवती. जेवताना हात थांबायचा. एकदा आत्यांना हळूच म्हणाले, “तिकडं तिला नीट ठेवतील ना गं? थंड झाली म्हणून टाकून तर देणार न्हाईत?”

“कुणाला?”

“भाकरीला.”

आत्यांनी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, “मुलीच्या बापाला असंच होत असंल का गं?” आत्या म्हणाल्या, “आता कळलं का!” अन् ताट उचलून आत आल्या. त्या दिवशी त्यांनी भांडी जरा जोरातच आपटली.

दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद होतं, केंद्रही बंद होतं. त्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. मामांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, नवी टोपी घातली अन् सतरंजीवर दाराकडच्या अंगाला बसले. दाराकडचं अंग म्हणजे मुलीवाल्यांची जागा. लोड त्यांनी समोर मोकळा ठेवला अन् त्यावर तांब्या ठेवून तांब्याला ह्यांचा मोबाइल टेकवला. मोबाइल म्हणजे पाहुणे. भिंतीला सांगितलं, “पोहे करा म्हणावं.”

मी आत्यांना म्हणले, “कोणासाठी? पाहुणे तर फोनात आहेत.”

“पद्धत हाय म्हणावं,” मामा बाहेरून म्हणाले.

केले पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं. दोन बशा भरून मोबाइलपुढं ठेवल्या. हे कपाळाला हात लावून बसले. मंग त्यांनी दोघांनाही एकाच वेळी फोनवर घेतलं. पडद्याच्या एका अंगाला मस्कतचा दीर, मागं दोरीवर वाळत घातलेली बनियन. दुसऱ्या अंगाला मॉरिशसचे दाजी, डोक्यावर आचाऱ्याची पांढरी टोपी. दोन्ही मुलाकडचे एकाच बैठकीला, अन् तेही समोरासमोर! असा प्रकार आमच्या तालुक्यात आजवर झालेला न्हाई.

“पाव्हणं, पोहे घ्या,” मामा हात जोडून म्हणाले.

दोघंही पडद्यातनं पोह्यांकडं बघत राह्यले. दीर म्हणाला, “काका, हे तर छळणं झालं.”

मंग सुरू झाली बाचाबाची. दीर म्हणाला, आमचे रस्ते बघा, पोटातलं पाणी हलत न्हाई. दाजी म्हणाले, आमची हवा बघा, पंखासुद्धा लागत न्हाई. दीर म्हणाला, तुमच्याकडं वादळ येतं. दाजी म्हणाले, तुमच्याकडं उन्हात गाडीच्या टपावर भाकरी भाजती, केंद्र कशाला पाहिजे? मामांनी दोघांना हातानं गप केलं अन् खरा प्रश्न विचारला. “देण्याघेण्याचं काय?”

ओमानकडनं ऐकलं ते असं: गाळ्याचं भाडं आगाऊ, परवाना, स्वयंपाकघराची तपासणी, काम करणाऱ्याची डॉक्टरी तपासणी अन् सगळी कागदं अरबीत. मॉरिशसकडनं: भांडवल आधी बँकेत दाखवायचं, मंग परवान्याला अर्ज. अन् ज्वारी तिथं सहज मिळत न्हाई, ती इथून जहाजानं न्यायची.

मामांचा चेहरा लाल झाला. “पोरगी तुम्ही नेणार, अन् तिच्या खाण्याची ज्वारी माहेरानं जहाजानं धाडायची? अन् हे आगाऊ भाडं, हे भांडवल, हा सगळा खर्चा मुलीच्या बापानंच करायचा? ही कुठली रीत?”

“मामा, तुमच्या वेळी तर...” दाजींनी सुरुवात केली. मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आतून आत्या खोकल्या. त्या खोकल्यातही बरंच काही होतं.

“अन् इथं आपल्याला काय लागलं होतं रे?” मामांनी ह्यांना विचारलं.

“पत्रे, परात अन् नारळ,” हे म्हणाले. मंग जरा थांबून म्हणाले, “अन् ही.” हे ऐकून मला बरं वाटलं, खरंच सांगते. पण बोलताना बघत होते मोबाइलकडं.

मंग मामा म्हणाले, “मुलीला आणा म्हणावं.”

मुलगी म्हणजे भाकरी. ती आणणार मी. आत्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला अन् कानात म्हणाल्या, “खाली बघ.” मी विचारलं, “मी का भाकरी?” आम्हाला दोघींना हसू आवरंना. तशीच ओठ दाबून भाकरीचं ताट घेऊन गेले अन् मोबाइलपुढं धरलं. मामा म्हणाले, “आता फुगून दाखवा म्हणावं.” म्हणजे चालून दाखवा, तसं. हे मोबाइल उचलून आत शेगडीपाशी आले. मी परातीत गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं. उलटली, जाळावर धरली. टम्म फुगली. मामा स्वयंपाकघरात येत न्हाईत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहून मान लांब करून बघत होते.

 मंग दीर हातानं डोळे पुसत म्हणाला, “वहिनी, वास येऊन राह्यलाय.” मस्कतात कसा येईल वास? पण मला त्याला हसावंसं वाटलं न्हाई. दाजींनी टोपी काढली. “पसंत आहे,” दोघं एकदमच बोलले.

मामांची छाती फुगली. “दोघांनाबी पसंत!” मंग लगेच आवाज खाली आला. अगदी मुलीच्या बापाचा आवाज. “एकच विचारतो पाव्हणं. आमच्या पोरीचं तिकडं बरं-वाईट झालं, हात भाजला, ताप आला, तर तिला बघणारं कोण?”

दीर अडखळला. दाजीही अडखळले. एकानं म्हणलं, विम्याचं काय असतं ते बघावं लागंल. दुसऱ्यानं म्हणलं, त्याचे नियम विचारावे लागतील. अन् मंग दोघं म्हणाले, “काका, विचारून कळवतो.” “हो मामा, कळवतो.”

मामांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी “कळवतो” म्हणलं होतं. ते उंबऱ्याशी तसेच उभे राह्यले. तोंड एवढंसं झालं. किराणा दुकानातल्या फोनजवळ बसलेल्या माझ्या बापाचं व्हायचं, तसं. मी बघितलंय, म्हणून मला कळलं.

ह्यांना काही कळलं न्हाई. हे म्हणाले, “ते कळवतील. आपण ठरवून टाकू. बोला, ओमान का मॉरिशस?”

“थांब,” मामा म्हणाले. “मुलीकडचं एक राह्यलं.”

अन् मामांनी उंबरा ओलांडला. आत आले. भिंतीकडं न्हाई बघितलं, आत्यांकडं न्हाई, मोबाइलकडं न्हाई. सरळ माझ्याकडं बघितलं.

“पोरी,” म्हणाले, “तुला पसंत हाय का?”

मी दुसरी भाकरी जाळावर धरली होती, ती तिथंच राह्यली अन् काळी पडली. केंद्र टाकल्यापासनं माझी एक भाकरी जळाली न्हवती. मला रडू आलं. इतके दिवस मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. असं म्हणीन, तसं म्हणीन. त्यातलं एकही वाक्य आठवंना. फोनात दोन देश माझ्या तोंडाकडं बघत होते. हे बघत होते. आत्या बघत होत्या. मी शेगडी बंद केली, पदरानं डोळे पुसले, साडीवरचं पीठ झटकलं.

“कळवते,” मी म्हणले.

 मंग ह्यांनी विचारलं, “म्हणजे कधी?”

“कळवते म्हणले ना.”

आत्यांना जे हसू फुटलं, ते थांबंना. भिंतीला टेकून खाली बसल्या. मामांनी मान हलवली. एकदा वर, एकदा खाली. “बराबर हाय,” म्हणाले. “वाट पाहतो.” बाहेर गेले, मोबाइलसाठी काढलेली पोह्यांची बशी उचलली अन् गार पोहे गुपचूप खात बसले.

संध्याकाळी मी आष्टीला बापाला फोन लावला. आता त्याच्याकडं स्वतःचा मोबाइल आहे, किराणा दुकानात जावं लागत न्हाई. म्हणले, “बाबा, मामांनी आज मला विचारलं. सरळ मला. पसंत हाय का म्हणून.”

बाबांनी आईला हाक मारून जवळ बोलावलं. मंग म्हणाले, “तू काय म्हणलीस?”

“कळवते म्हणले.”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईनं पाणी आणून दिलेलं मला फोनातनं ऐकू आलं. ठसका थांबला तसं त्यांनी घसा साफ केला अन् आवाज बारीक करून म्हणाले, “बाई, घाई करू नको.”

आता दिवाळी सरलीय. मस्कतचा दीर फोन करतो, मॉरिशसचे दाजी करतात, मामा रोज सकाळी चहा घेताना सरळ मला विचारतात, “काय ठरलं गं पोरी?” मी म्हणते, कळवते. संक्रांतीला अजून वेळ आहे.